छत्तीस मिनिटांची मराठी

ऑक्टोबर २०२४मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तरी ती टंकायला अजून बोटेच झिजवावी लागतात, हे आमच्या शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापकांना सोसवेना. सरांना आत्मचरित्र सांगायचे होते, लिहायचे नव्हते. पुतण्याने ‘व्हिस्पर’ सुचवले. बोललेले ऐकून लिहून काढणारे, ओपनएआयने २०२२मध्ये खुले केलेले, मोफत, घरच्या संगणकावर इंटरनेटशिवाय चालणारे. मोफत म्हटल्यावर सरांनी त्याच संध्याकाळी नवे ग्राफिक्स कार्ड आणले.

मग व्हिस्परचे मानपान सुरू झाले. आधी पायथॉन; तेही फार जुने चालत नाही, फार नवे झेपत नाही. मग पायटॉर्च. इतके झाल्यावर आज्ञा टंकायच्या काळ्या खिडकीने कळवले, आवाजाची फाइल उघडणारे एफएफएमपेग सापडत नाही. ते उतरवून घेतले, तरी ‘पाथ’मध्ये नोंद हवी. त्यामानाने सातबाऱ्यावर वारसाची नोंद लवकर होते.

व्हिस्परच्या लहानमोठ्या मॉडेलांपैकी सगळ्यात मोठ्याला कार्डावर सुमारे दहा जीबी जागा लागते. सरांच्या कार्डात आठ. म्हणून मधले घेतले. सर बोलू लागले. प्रत्येक वाक्यानंतर दाद घ्यायला थांबायची त्यांची जुनी सवय. त्या शांततेत यंत्राने आपल्या मनाने लिहिले, ‘व्हिडिओ पाहिल्याबद्दल धन्यवाद.’ शांतता ऐकून काहीबाही लिहिण्याची या यंत्राची खोड जगजाहीर आहे.

सर खवळले. पुतण्याने मूळ शोधनिबंधातला तक्ता दाखवला. यंत्राला ऐकवलेला एकूण आवाज ६,८०,००० तास. त्यात मराठी ऐकून मराठीतच उतरवलेला मजकूर ०.६ तासांचा, म्हणजे छत्तीस मिनिटे. एवढ्या वेळात साहित्य संमेलनाच्या स्वागताध्यक्षांची व्यासपीठावरच्यांची नावेही घेऊन होत नाहीत.

तातडीने निषेध सभा भरली. मराठीच्या गळचेपीवर मराठीत तीन तास भाषणे झाली. ध्वनिमुद्रण कोणीच केले नाही. पुतण्या भीत भीत म्हणाला, ‘मोझिलाच्या कॉमन व्हॉइसवर मराठी वाक्ये वाचून आवाज देता येतो. इतरांनी वाचलेली ऐकून बरोबर-चूकही सांगता येते. आपण सगळ्यांनी रोज दहा-दहा वाक्ये वाचली तर?’

सभागृहात पहिल्यांदाच शांतता पसरली. ‘आवाज फुकट द्यायचा?’ खजिनदारांनी विचारले.

अखेर निषेधाचा ठराव एकमताने संमत झाला. कंपनीला कळावा म्हणून तो इंग्रजीत लिहिला आहे.