टोपशास्त्री

पुण्यात हेल्मेट हा आंदोलनाचा विषय आहे. त्याच पुण्यात आमचा टोपशास्त्री राहतो आणि हेल्मेटखेरीज दुसरं काही बोलत नाही. स्कूटरवरच्या नव्हे. ते तो घालतो, पण 'ह्यावरून माणूस कुठल्या राज्यातला ते कळत नाही' ही तक्रार करतच.

दर रविवारी संध्याकाळी त्याच्या जेवणाच्या टेबलावर युद्ध असतं. चादरीखाली जुने दिवाळी अंक सारून डोंगर केलेले, वर बोटाच्या पेराएवढे प्लॅस्टिकचे सैनिक. राज्यं काल्पनिक, राजे काल्पनिक, ड्रॅगन तर काल्पनिकच. टोप मात्र अस्सल हवा. "खोट्या राज्याला खरं डोकं लागतं," हे त्याचं लाडकं वाक्य. दुसरं लाडकं वाक्य, "रंगावर जाऊ नकोस."

नवा गडी खेळायला आला की आधी परीक्षा. दिवा मंद करायचा, गड्याला स्वयंपाकघराच्या दारात उभं करायचं, चष्मा असला तर काढायला लावायचा. "आता सांग, कोण कुणाचा?" बिचारा डोळे बारीक करतो. "रंग धुळीत जातो, अंधारात जातो. आकार राहतो!" मग २००७ सालच्या 'टीम फोर्ट्रेस टू' ह्या व्हिडिओ गेमचा दाखला येतो. त्या खेळातली पात्रं मुद्दाम अशी घडवलीत की नुसत्या काळ्या आकृतीवरूनही कोण ते कळावं. हा दाखला ऐकल्याशिवाय कुणाला चहा मिळत नाही.

डोकी तो बदलतो. ब्लेडने सैनिकाचं मूळ मुंडकं उडवायचं आणि दुसरं फेविक्विकने बसवायचं. ही ज्वारीच्या दाण्याएवढी मुंडकी वडिलांच्या गोळ्यांच्या जुन्या डबीत असतात, सात वारांच्या सात कप्प्यांत. सोमवारात नॉर्मन : निमुळता टोप, नाकावर सरळ पट्टी. मंगळवारात पंधराव्या शतकातले इटालियन बार्ब्यूट, समोर इंग्रजी टी अक्षरासारखी फट. बुधवारात जर्मन सॅलेट, मागे मानेवर शेपटी काढलेले. गुरुवारात आपल्याकडचे, म्हणजे इराणी-मोगल वळणाचे : डोक्यावर टोकदार काटा, नाकासमोर वरखाली सरकणारी पट्टी, खांद्यापर्यंत कड्यांची जाळी. गोळ्यांची नवी डबी आणि ही जुनी डबी एकाच कपाटात ठेवतात या घरात. एकदा वडिलांनी रक्तदाबाच्या गोळीऐवजी एक बार्ब्यूट पाण्याबरोबर घेतलाच होता. "अरे, ही गोळी बघतेय माझ्याकडे!" असं ते ओरडले म्हणून निभावलं. टोपशास्त्र्याने आधी बार्ब्यूट पुसून घेतला, मग वडिलांची चौकशी केली.

खरी परीक्षक त्याची आई. त्या बशा घेऊन आल्या की तो विचारतो, "आई, यातले वाईट कोण?" त्या पोह्यांवरची नजर न काढता सांगतात, "तो चोचवाला. त्याचे डोळेच दिसत नाहीत मेल्याचे. आणि हा कढई उपडी घातलेला गरीब आहे, त्याला कशाला मारता?" चोचवाला म्हणजे चौदाव्या शतकातला लांब नाकाडाचा बॅसिनेट, आणि तो खरंच खलनायकांचा असतो. कढई म्हणजे रुंद काठाची लोखंडी टोपी, साध्या पायदळाची. आईंना शंभर टक्के. टोपशास्त्री आमच्याकडे असा बघतो की आम्ही मुकाट्याने पोहे खातो.

त्याच्या लेखी एकच पाप आहे : वायकिंगला शिंगं. आमच्यातला एकजण शिंगवाला सैनिक घेऊन आला, त्या दिवशी डाव सुरू व्हायला साडेनऊ वाजले. ती शिंगं लोकांच्या डोक्यात बसवली १८७६ सालच्या वाग्नरच्या ऑपेरांनी, बायरॉइटच्या रंगमंचावरच्या वेशभूषेने. नॉर्वेत १९४३ साली यर्मुन्बू इथे जो खरा वायकिंग टोप सापडला, त्याला चष्म्यासारखी पट्टी आहे, शिंगं नाहीत. पण माणूस मनाचा मोठा. डेन्मार्कच्या वेक्सो गावाजवळ शिंगांचे दोन टोप सापडलेत, ते कांस्ययुगातले, वायकिंगांच्या सुमारे सतराशे वर्षं आधीचे. म्हणून त्याने शिंगवाल्याला हाकलला नाही. एका प्राचीन पंथाचा पुजारी केला.

एकदा मी कुरापत काढली. म्हटलं, खऱ्या लढाईत टोपावरून कोण सैन्य ओळखत होतं? मिलानचे कारागीर तर पैसे देईल त्याला टोप विकायचे. मला वाटलं चिडेल. उलट खुलला. "म्हणून तर घोटाळे व्हायचे!" हेस्टिंग्जला, १०६६ साली, नॉर्मनांचा विल्यम मेल्याची आवई उठली तेव्हा त्याला टोप वर करून तोंड दाखवावं लागलं, बायोच्या भरतकामात तो प्रसंग काढलेला आहे. बार्नेटला १४७१ साली दाट धुकं होतं. ऑक्सफर्ड आणि वॉरिक हे एकाच बाजूचे सरदार, पण ऑक्सफर्डच्या माणसांच्या अंगावरचा तारा वॉरिकच्या माणसांना शत्रूचं सूर्याचं चिन्ह वाटला आणि त्यांनी आपल्याच दोस्तांवर बाण सोडले. "चिन्हं कसली लावता? डोकी वेगळी करा!" एवढं बोलून त्याने आमच्या नकाशावर एका दरीत धुकं जाहीर केलं आणि माझे चार घोडेस्वार त्यात अडकवले.

गेल्या पावसाळ्यात ऐन डावात लाईट गेले. मोबाईलच्या टॉर्चवर पुढचा दीड तास लढाई चालली, रंग कुणालाच दिसत नव्हते. मी हरलो, सपाटून हरलो. पण स्वतःचा एकही सैनिक चुकून मारला नाही, आणि दुसऱ्या कुणीही नाही.