बाळंतपणातले मामा

पावसाळ्यात मामांकडे जायचं तर आधी मामींना फोन करावा लागतो. "नका येऊ, ह्यांचं बाळंतपण चाललंय," हे उत्तर ठरलेलं. मामींच्या स्वतःच्या दोन्ही बाळंतपणांत मामा ड्युटीवर होते, हे त्या त्याच दमात ऐकवतात.

मामांची हयात वळवणच्या हॅचरीत गेली. लोणावळ्याच्या या तळ्याकाठी टाटांनी १९७०च्या दशकापासून महसीर वाढवला. मामांच्या लेखी मात्र तो मासा नव्हे, घराणं. "साइक्ससाहेबानं १८३९ साली जगाला दाखवला तो मुळा-मुठेतला. पुण्याचा आहे!" म्हणजे पुढं बोलणंच खुंटलं.

एकदा आत नेलं. मादीला आधी टॉवेलनं कोरडं केलं; अंड्यांत आधीच पाणी पडलं तर सगळंच मुसळ केरात. मग पोटावरून अंगठा इतका हलका फिरवला, की पिवळी मोत्यांसारखी अंडी परातीत आपसूक उतरली. वर नराचं वीर्य, आणि कोंबडीच्या पिसानं ढवळणं. पुढं वाहत्या पाण्याच्या ट्रेमध्ये मेलेलं अंडं पांढरं पडलं, की बुरशी पसरायच्या आत मामा ते चिमट्यानं नेमकं टिपतात. घरी यांना वरणातला खडा दिसत नाही. नवी पिल्लं उजेडाला बुजून कोपऱ्यात डोकी खुपसतात, म्हणून तिथं आम्हीही कुजबुजतच बोलायचं.

मासे खातात का? बोंबील-बांगडा बिनधास्त. "समुद्राकडचे आपल्या नात्यातले नाहीत."

मग कुणीतरी बातमी वाचून दाखवली. इथली पिल्लं कावेरीतही सोडली होती. ती तिथं अशी माजली, की मूळचा नारिंगी परांचा, कुबडाचा महसीर नामशेष व्हायला आला. त्या बिचाऱ्याची शास्त्रीय ओळख पक्की झाली तीच २०१८ साली. मामा दोन दिवस नीट जेवले नाहीत. लेक दिल्या घरी सासूलाच उपाशी ठेवते, असं कानावर आल्यावर बापाचं होतं तसं.

तिसऱ्या दिवशी जीप आली. पिल्लांच्या, ऑक्सिजन भरलेल्या पिशव्या चढल्या. मामा फाटकात आडवे.

"नदीचं नाव सांग."

"मामा, चलनावर आहे की सगळं."

"चलन राहू दे. नदी?"

"इंद्रायणी."

"कुठली इंद्रायणी?"

ड्रायव्हरनं हात जोडले. "आळंदीची, मामा. माउलींची."

मामांनी फाटकाची कडी काढली आणि म्हणाले, "खड्ड्यांतून सावकाश ने."