फिक्सवाल्याची झोप

गृहकर्ज काढणाऱ्यांच्या दोनच जाती: फिक्सवाले आणि फ्लोटिंगवाले. आमच्या नात्यात दोन्ही आहेत. मी अमरावतीच्या साईनगरातला फिक्सवाला, दर साडेनऊ टक्के. माझा साळा अकोल्याच्या गोरक्षण रोडवरचा फ्लोटिंगवाला. या दोन शहरांमधल्या रस्त्यावर 2022 च्या जूनमध्ये 105 तास 33 मिनिटांत 75 किलोमीटर डांबर पडलं आणि गिनीज बुकात नोंद झाली. गडकरींना आनंद झाला, आम्हालाही झाला. फक्त तेव्हापासून साळा वरचेवर येतो, आणि आला की पाणी पिण्याआधी व्याजदराचा विषय काढतो.

पहिली दोन-तीन वर्षं मजा माझी होती. त्याच वर्षीच्या मे महिन्यात रिझर्व्ह बँकेनं रेपो दर वाढवायला घेतला होता. चार टक्क्यांवरून फेब्रुवारी 2023 पर्यंत साडेसहावर नेला. साळ्याचा हप्ता मात्र जागचा हलला नाही, म्हणून तो खुशीत होता. मग एकदा त्यानं स्टेटमेंट काढलं. बँकेनं हप्ता न वाढवता मुदत वाढवली होती, आणि शेवटचा हप्ता आता वयाच्या 67 व्या वर्षी पडत होता. नोकरी 58 ला संपणार. असं फार जणांचं झालं असावं, कारण त्या ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेनं बँकांना बजावलं की हप्ता वाढवायचा की मुदत, की फिक्समध्ये जायचं, हे कर्जदाराला विचारा. मी त्या काळात साळ्याला राजकमल चौकात नेऊन गिला वडा खाऊ घालत असे आणि धीर देत असे. धीर देणं हा फार सुखाचा उद्योग आहे.

2025 मध्ये वारं फिरलं. साडेसहाचा रेपो डिसेंबरपर्यंत सव्वापाचवर आला. आता साळा मला धीर देतो.

"काहून चिकटून बसले भाऊजी त्या साडेनऊले? सोडा ना!"

"तुह्या सदुसष्टीचं काय झालं ते सांग आधी," स्वयंपाकघरातून त्याच्या बहिणीचा, म्हणजे माझ्या बायकोचा, आवाज येतो.

सोडा म्हणणं सोपं. फ्लोटिंग गृहकर्ज मुदतीआधी फेडलं तर दंड घ्यायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेनं 2012 सालीच बँकांना सांगितलं. आम्हा फिक्सवाल्यांना ती सूट नाही. माझ्या करारात दोन टक्के लिहिलेत. बाकी 18 लाख, मुदत बारा वर्षं. म्हणजे दंड 36 हजार. दुसऱ्या बँकेत जायचं तर प्रोसेसिंग फी, वकिलाचा सर्च रिपोर्ट, व्हॅल्युएशन, गहाणाचा मुद्रांक, हे सगळं वीसेक हजार. आठ टक्क्यांनी हप्ता 20,995 वरून 19,484 होतो. महिन्याला पंधराशे सुटले. 56 हजार भरून निघायला तीन वर्षं, त्यानंतर नऊ वर्षं निव्वळ फायदा. बायकोनं ही आकडेमोड दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर केली, आणि बरोबर केली. मी एक्सेलमध्ये केली. उत्तर तेच आलं, वेळ जास्त लागला.

तरी मन घेत नाही. गहाणातून सुटण्याच्या बाबतीत आम्हा वऱ्हाडी माणसांचा इतिहास काही उमेद देणारा नाही. 1853 मध्ये, इंग्रजांनी निजामाच्या खर्चानं ठेवलेल्या कंटिंजंट फौजेच्या थकलेल्या पगारापायी निजामानं अख्खं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. 1860 मध्ये 50 लाखांची थकबाकी माफ झाली, रायचूर-धाराशिव परत गेलं, वऱ्हाड तेवढं राहिलं. पुढे निजामाचा दिवाण सालारजंगानं विनवून पाहिलं: एकरकमी पैसे ठेवतो, त्याच्या व्याजात फौजेचा पगार भागवा, आमचा मुलूख सोडा. चक्क प्रीपेमेंट! पण नकार. 1902 मध्ये व्हाइसरॉय कर्झननं कायमचा पट्टाच लिहून घेतला, वर्षाला 25 लाख, फिक्स. मग कापसाला कितीही भाव येवो. 1923 मध्ये निजामानं पुन्हा मागणी केली, 1926 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगनं ती फेटाळली, आणि 1936 च्या करारानं युवराजाला 'प्रिन्स ऑफ बरार' म्हणवून घेता आलं. मुलूख इंग्रजांकडे, नाव निजामाकडे. त्या मानानं माझा दोन टक्के दंड माणुसकीचाच म्हणायचा.

शेवटी परवा बँकेत जाऊन फोरक्लोजरचं पत्र मागितलं. इतक्या वर्षांत ज्या साहेबांनी मान वर केली नव्हती, त्यांनी खुर्ची पुढे सरकवली. चहा आला. "सर, कायले जाता? अर्धा टक्का कन्व्हर्जन भरा, आठवर आणून देतो." नऊ हजारांत काम! सहा महिन्यांत वसूल. मी अर्जावर सही करायला पेन काढलं आणि सहज विचारलं, "आठ फिक्स ना?"

"नाही सर, फ्लोटिंग."

पेन परत खिशात गेलं. मी साडेनऊ टक्के पैशासाठी घेतलेच नव्हते. रेपो नावाचा प्राणी घरात येऊ नये म्हणून घेतले होते. आता मात्र रात्री तो उशाशी बसतोच आहे, फिक्समध्ये राहूनही. बायको म्हणते, झोप जायचीच आहे तर पंधराशे तरी वाचवा. साळा म्हणतो, अर्धा टक्काही देऊ नका, घासाघीस करा. उद्या चौथा शनिवार, बँक बंद. सोमवारी बघू, साळाही येतो म्हणालाय.