देवदर्शनाला म्हणून गेले आणि…

ऐकलंत का? मागच्या गल्लीतले ते सगळे श्रीवर्धनला जाऊन आले. हळू बोला, खिडकी उघडी आहे.

जाताना सांगितलं काय, तर हरिहरेश्वर. पेशव्यांचं कुलदैवत, आजी थकल्यात, एकदा दर्शन घडवून आणतो. आता अशा कारणाला अंबाजोगाईत कोण नाही म्हणेल? कुणी चिवड्याचा डबा दिला, कुणी देवापुढे ठेवायला पैसे दिले. मीही एकवीस रुपये दिले. आणि तिसऱ्या दिवशी स्टेटस उघडते तर काय, काका गुडघाभर पाण्यात आणि फुलाफुलांच्या हाफ पँटमध्ये! ज्या पोटऱ्या आजवर काकूंशिवाय कुणी पाहिल्या नसतील, त्या सबंध गावाने पाहिल्या. चोवीस तासांनी स्टेटस गेलं, पण तोवर ते परळीपर्यंत पोचलं होतं.

बरं, हे एकच घर असतं तर म्हटलं असतं, जाऊ द्या. पण दिवाळीच्या सुट्टीत म्हणे तिकडे आपल्याच एमएच 23 आणि 44 च्या गाड्या एकमेकींना हॉर्न देत होत्या. आपल्याकडे घरदार गाडीत घालून निघायचं ते तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर असं. जितके देव तितके थांबे, आणि रात्री धर्मशाळा. आता देव एक आणि बीच तीन.

गाडी सात जणांची, माणसं अकरा. त्यांत चार पोरं, ती मोजत नाहीत. डिकीत धपाटे, शेंगदाण्याची चटणी, पन्नासेक भाकरी आणि आजींची उशी. पहाटे निघाले, येरमाळ्याला येडेश्वरीला गाडीतूनच हात जोडले (गाडीतून! आजी सोबत असताना!), आणि बार्शी, टेंभुर्णी करत भिगवणजवळ उजनीचं पाणी दिसलं तशी पोरं ओरडली, समुद्र आला! धाकटी सून म्हणाली, हो, आलाच. तिला तिथेच उतरायचं होतं. अंबाजोगाईपासून मांडीवर दोन पोरं होती. पुढे पुणे, ताम्हिणी, माणगाव. घाटात कोण कोण ओकलं ते मला माहीत आहे, पण मी सांगणार नाही. मोठे जावई.

खरा गोंधळ झाला तो जेवणावर. काका माळकरी. समोरच्या ताटात सुरमई, यांच्या ताटात भात. सकाळी घावन, तेही तांदळाचं. दुपारी भात, रात्री भात. शेवटी काकांनी आवाज चढवून भाकरी मागितली. आली, पांढरी शुभ्र! तांदळाची! काका म्हणाले, ही आजारी दिसते. सोलकढीचा गुलाबी रंग बघून त्यांनी वाटीच बाजूला सारली. धाकट्या मुलाने मात्र सुरमई कुठल्या कोपऱ्यात बसून खाल्ली, हे त्याच्या बोटांचा वास घेऊन काकूंनी ओळखलं म्हणतात. तो म्हणतो सोलकढीचा वास आहे. असेल बाई.

मग थोरल्याला सुचलं, गाडी वाळूत घालून फोटो काढायचा. ओहोटी होती, वाळू घट्ट वाटली. भरती यायला लागली तसं मागचं चाक बसलं. रेस द्यावी तसं आणखी खोल. बाकीचे मागून ढकलतायत, लाटा टायरला लागतायत, आणि आजी वाळूत बसून भीमरूपी म्हणतायत. अखेर ट्रॅक्टरने ओढून काढली. आपल्याकडे ट्रॅक्टर उसाला लागतो. यांनी तिकडे जाऊन, पैसे मोजून, स्वतःला ओढवून घेतलं.

हे मी शेंगा निवडायला येणाऱ्या मावशींना सांगितलं. त्यांची बाराएक वर्षं कोयता घेऊन बारामतीकडे जाण्यात गेली. त्या हसल्याच नाहीत. म्हणाल्या, “आमी तिकडं जाताव ते उचल घिऊन. ह्यांनी पैशे दिऊन गेले व्हय?” आणि सूप पाखडायला लागल्या.

गुरुजींना मात्र यात काहीच वावगं दिसत नाही. ते म्हणतात, श्रीवर्धनच्या भटांचा माधवराव पेशवा 1763 मध्ये आपल्या जिल्ह्यात राक्षसभुवनला येऊन निजामाला हरवून गेला. ही त्याची परतभेट समजा, दोनशे साठ वर्षं उशिरा. आणि आपली योगेश्वरी तरी कुठली? कोकणातलीच नवरी ना! परळीच्या वैजनाथाशी लग्न ठरलं, वऱ्हाड इथवर आलं, मुहूर्त टळला आणि सगळ्या वऱ्हाडाचे दगड झाले, असं सांगतात. हत्तीखाना लेण्यातले दगडी हत्ती त्यातलेच. परळी पंचवीसेक किलोमीटरवर राहिली होती हो! तेव्हापासून कोकणस्थ मंडळी कुलस्वामिनीला म्हणून इकडे येतात, आपण कधी गेलो नाही. गुरुजींचं हे असं असतं. हाफ पँटवर मी दोनदा विषय आणला, दोनदा त्यांनी इतिहासात नेला.

आता सगळ्यात वाईट ते ऐका. आजींनी समुद्राला नारळ वाहिला. गोदावरीत सोडतात तसाच, हळदकुंकू लावून. लाटेने तो परत पायाशी आणून टाकला. पुन्हा सोडला, पुन्हा आला. तिसऱ्यांदा आला तो कुणाच्या तरी पोराने उचलला आणि पळाला. आजी रडवेल्या झाल्या, घेत नाही म्हणाल्या. तेवढ्यात जिच्याकडे उतरले होते ती बाई आली, कुठल्या तुम्ही म्हणून विचारलं. अंबाजोगाई म्हणताच ती खाली वाकली आणि आजींचे पाय धरले, ओल्या वाळूसकट. देवीच्या गावच्या तुम्ही, म्हणाली. निघताना देवीसाठी खण, साडी, नारळ, तांदूळ अशी भरलेली ओटी हातात ठेवली.

ती ओटी काल देवळात पोचली. आजी स्वतः गेल्या होत्या. आता देवीचा प्रसाद त्या बाईला द्यायला श्रीवर्धनला परत जायला हवं म्हणे. कुरियरने पाठवा म्हटलं, तर आजी म्हणतात, प्रसाद हातानेच द्यावा लागतो. काकांनी पुढच्या सुट्ट्या बघून ठेवल्यात. माझे एकवीस रुपये अजून कुठे पोचले ते कळलेलं नाही.