बॅग पंधरा, कार्बन साठ

बंगळुरूच्या विमानतळावर चेक-इनच्या काट्यावर बॅग ठेवली आणि पंधरा किलोंच्या मर्यादेवर आकडा १६.४ आला, की मराठी कुटुंबात एकदम धावपळ उडते. बॅग तिथंच फरशीवर उघडली जाते. चकलीचा डबा आईच्या पर्समध्ये, जाड स्वेटर बाबांच्या अंगावर, मेतकुटाची पिशवी चिरंजीवांच्या पाठीवर. दीड किलोचं पाप असं तिघांत वाटलं की काटा समाधानी. विमान मात्र तेवढंच वजन घेऊन उडतं, कारण तिघंही त्याच विमानात बसतात.

आता दुसरा काटा लावून बघू. बंगळुरू ते पुणे हवाई अंतर सव्वासातशे किलोमीटरच्या आसपास. एवढ्या अंतराला ए-३२० जातीचं विमान ढोबळमानानं तीन टन इंधन पितं. एक किलो इंधन जळलं की ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. कार्बन कंपनी विकत घेते, ऑक्सिजन आकाशातून फुकट मिळतो. म्हणजे झाले साडेनऊ टन. दीडशे-एकशेसाठ प्रवासी धरले तर माणशी साठ किलो. बॅग पंधरा, कार्बन साठ. बॅगेतल्या जादा दीड किलोची पावती फाडतात. साठ किलोंबद्दल ‘आमच्यासोबत उड्डाण केल्याबद्दल धन्यवाद’ म्हणतात.

हा हिशेब त्रैराशिकाचा आहे, सातवीतल्या मुलालाही जमेल. अवघड प्रश्न पुढचा आहे: हे साठ किलो लिहायचे कोणाच्या नावावर?

विमानतळ म्हणतो, माझ्या नको. त्याचंही बरोबर. नोव्हेंबर २०२२ मध्ये उद्घाटन झालेलं दुसरं टर्मिनल बघून माणूस विरघळतोच. बांबूचं छत, वरून लोंबणाऱ्या बागा, वाहतं पाणी. २०२३ मध्ये प्री व्हर्सायचं अंतर्गत सजावटीचं विशेष पारितोषिक मिळालं. २०२४ मध्ये विमानतळांच्या जागतिक संघटनेनं कार्बनच्या परीक्षेत पाचवी, म्हणजे सगळ्यांत वरची पायरी दिली. तिथं पोचायला विमानतळाचे स्वतःचे दिवे, वातानुकूलन, गाड्या आणि विकतची वीज यांचं उत्सर्जन जवळपास शून्यावर आणावं लागतं. ते आणलं, त्याबद्दल मनापासून टाळ्या. विमानांचा धूर हिशेबाच्या तिसऱ्या रकान्यात, म्हणजे इतरांच्या उत्सर्जनात असतो. तो मोजायचा, विमान कंपन्यांना समजावत राहायचं आणि २०५० पर्यंत शून्याचं वचन द्यायचं. वर्षाला चार कोटींहून जास्त माणसं जिथून ये-जा करतात, तिथं सर्वांत निर्धूर गोष्ट आहे इमारत. विमानतळ शून्यावर आलाय. विमानं तेवढी मध्ये येतात.

त्याच तिसऱ्या रकान्यात विमानतळ गाठायला केलेली टॅक्सीही येते. इलेक्ट्रॉनिक सिटीहून निघालेला माणूस हेब्बाळच्या उड्डाणपुलावर जेवढा वेळ उभा असतो, तेवढ्यात त्याचं विमान कर्नाटक ओलांडून सोलापूरच्या आसपास पोचलेलं असतं. ‘उड्डाण’ हा शब्द त्या पुलाला कोणी बहाल केला, हा वेगळ्या सदराचा विषय.

देशही हात वर करतात. बंगळुरू-दिल्ली विमानाचा धूर भारताच्या खात्यात पडतो. बंगळुरू-दुबईचा धूर मात्र ना भारताच्या बेरजेत, ना अमिरातीच्या. राष्ट्रीय अहवालात तो वेगळा दाखवायचा, एकुणात मिळवायचा नाही, अशी रीत आहे. म्हणजे तळटीप. १९९७ च्या क्योटो करारानं हे लेकरू माँट्रिऑलच्या आंतरराष्ट्रीय नागरी विमान संघटनेच्या ओटीत घातलं. त्याआधी १९४४ च्या शिकागो करारानं विमानाच्या टाकीतून आलेल्या इंधनावर परदेशात कर लावायचा नाही, असं ठरवून टाकलेलंच होतं. संघटनेनं बरीच वर्षं विचार करून ‘कोर्सिया’ नावाची योजना काढली. तिच्यात २०१९ च्या धुराचे ८५ टक्के पायाभूत धरायचे. त्याच्या वर जेवढं जाईल तेवढ्याचीच भरपाई. भारताला हे बंधन २०२७ पासून. ८५ टक्क्यांपर्यंतचा धूर वडिलोपार्जित समजावा.

मग प्रवाशानंच मोजावं, असं ठरतं. त्यासाठी गणक आहेत, आणि एकाच आसनाला ते वेगवेगळे आकडे देतात. कारण कार्बनखेरीज विमानामागं पांढरी रेघही उमटते. थंड, दमट हवेत त्या रेघांचे पातळ ढग होतात आणि जमिनीची ऊब अडवून धरतात. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात विमानांमुळे होणाऱ्या तापमानवाढीत कार्बन डायऑक्साइडचा वाटा जेमतेम एक तृतीयांश निघाला. बाकी बहुतेक या रेघा आणि नायट्रोजनचे वायू. ब्रिटिश सरकारच्या तक्त्यात दोन्ही सोयी आहेत: रेघ धरून आणि रेघ सोडून. फरक सुमारे १.७ पट. गुगलनं २०२२ मध्ये आपल्या गणकातून रेघ सोडून दिली आणि पडद्यावरचे आकडे झटक्यात उतरले. पृथ्वी एवढ्या स्वस्तात कधीच वाचली नव्हती.

आसनाचाही भाव वेगळा. पाय पसरून झोपणारा माणूस तीन बसणाऱ्यांची जागा खातो, म्हणून जागतिक बँकेच्या २०१३ च्या अभ्यासात बिझनेस क्लासचा भार इकॉनॉमीच्या तिप्पट धरला होता. आता हवामान परिषदेला जाणारे पाहुणे कोणत्या वर्गानं जातात, हे विचारणं बरं दिसत नाही. आणि प्रत्येकानं घरबसल्या आपापला कार्बन मोजावा, हे व्रत २००४ च्या सुमारास कोणी लोकप्रिय केलं? बीपी या तेल कंपनीनं. भक्त स्वतःची पापं मोजत बसला की देवळाचा हिशेब कोणी मागत नाही.

व्हाइटफिल्डला राहणारा आमचा पुतण्या मात्र निर्धास्त आहे. बालीहून आला तो सात्त्विक चेहऱ्यानं.

‘काका, आम्ही ऑफसेट केलंय.’

‘म्हणजे काय केलंस रे?’

‘बुकिंग करताना एका चौकटीत टिक केलं. अडीचशे रुपये. आपल्या नावानं कुठंतरी झाड लागतं किंवा कुणाला तरी धूर न करणारी चूल मिळते.’

‘कुणाला?’

‘ते ॲपमध्ये नाही दिसत.’

व्यवहार समजून घेण्यासारखा आहे. पुतण्या बालीला उडाला, म्हणून कोण्या गावात कोण्या बाईनं कमी लाकडं जाळायची. मोठे लोक हेच मोठ्या प्रमाणावर करतात. बंगळुरूच्या इन्फोसिसनं २०२० मध्ये आपण कार्बन न्यूट्रल झाल्याचं जाहीर केलं. त्यांच्या हिशेबात सौरऊर्जेबरोबर खेड्यातल्या घरांचे बायोगॅस आणि सुधारित चुलीही आहेत. चूल बदलली हे चांगलंच झालं, त्या बाईच्या फुप्फुसांना आराम मिळो. पण तिनं उभ्या आयुष्यात विमानाचं पोट तेवढं पाहिलंय, तेही खालून. तिच्या चुलीची बचत आमच्या पुतण्याच्या पासबुकात कशी जमा होते, हे तिला कोणी विचारलेलं नाही.

‘सामान्य माणूस आता उडतोय, त्याला का टोचता?’ हा आक्षेप येणारच, आणि तो बंगळुरूतूनच यायला हवा. स्वस्त विमानाचं बारसं याच शहरातलं. कॅप्टन गोपीनाथांची एअर डेक्कन २००३ मध्ये बंगळुरूहून हुबळीला उडाली आणि तिनं चेहरा घेतला तो आर. के. लक्ष्मण यांच्या ‘कॉमन मॅन’चा. पुढं एक रुपयाची तिकिटं निघाली. या कहाणीवर आधी तमीळमध्ये आणि २०२४ मध्ये हिंदीत चित्रपट निघाला. हिंदीत नायकाचं आडनाव म्हात्रे. कन्नड कर्तबगारीला मराठी आडनाव मिळालं आणि सीमाभागात कुणीही निदर्शनं केली नाहीत, हीच त्यातली खरी कल्पनारम्यता.

पण कॉमन मॅन उडतो किती? २०१८ सालाचा जागतिक हिशेब सांगतो की त्या वर्षी जगातल्या साधारण ११ टक्के लोकांनीच विमानात पाऊल टाकलं, आणि प्रवासी विमानांचा निम्मा धूर अवघ्या एक टक्का लोकांचा होता. दिवाळीला सांगली-सोलापूरकडं जाणारा मुलगा आणि दोन तासांच्या बैठकीसाठी सकाळी मुंबई, संध्याकाळी बंगळुरू करणारा साहेब, दोघं एकाच रांगेत बूट काढतात, म्हणून त्यांचं खातं एक होत नाही. मुलाला तर पर्यायही धड नाही. उद्यान एक्स्प्रेस मुंबई गाठायला जवळपास अख्खा दिवस घेते आणि दिवाळीत खासगी बसचं भाडं विमानाशी स्पर्धा करतं. बेळगावला ऑगस्ट २०२५ मध्ये बंगळुरूहून वंदे भारत मिळाली. तिथून पुढं आपापली सोय बघावी.

सरकारकडं उपाय आहे, आणि तो आपल्या आवडीचा आहे: ऊस. मे २०२३ मध्ये पुण्याहून दिल्लीला एक विमान गेलं, त्याच्या टाकीत पुण्याच्याच प्राज इंडस्ट्रीजनं तयार केलेलं जैवइंधन मिसळलेलं होतं. आंतरराष्ट्रीय विमानांत असं इंधन २०२७ पासून एक टक्का आणि २०२८ पासून दोन टक्के मिसळायचं उद्दिष्ट आहे. उरलेले अठ्ठ्याण्णव टक्के नेहमीचेच. दरम्यान २०२३ या एकाच वर्षात एअर इंडियानं ४७० आणि इंडिगोनं ५०० विमानांची मागणी नोंदवली. टक्का इंधनाचा आणि हजार विमानांचा, असा हा तह आहे.

पर्यटनाचं म्हणाल तर २०१९ मध्ये जगाच्या एकूण उत्सर्जनात त्याचा वाटा ८.८ टक्के निघाला आणि वाढीत अमेरिका, चीन आणि भारत पुढं. त्यावर हॉटेलांनी शोधलेला इलाज म्हणजे न्हाणीघरातली चिठ्ठी: पृथ्वी वाचवा, टॉवेल दोनदा वापरा. दोन-अडीच हजार किलोमीटर उडून आलेला पाहुणा ओल्या टॉवेलनं अंग पुसतो आणि धन्य होतो.

मोजून काही होतच नाही, असंही नाही. बंगळुरूकरांचा शनिवार-रविवार उटीला जातो. मद्रास उच्च न्यायालयानं मे २०२४ पासून तिथं ई-पास लावला. आधी नुसत्याच गाड्या मोजल्या, लोक हसले. मग २०२५ च्या उन्हाळ्यात न्यायालयानं मर्यादा घातली: एरवी रोज ६,००० गाड्या, शनिवार-रविवारी ८,०००. व्यापाऱ्यांनी लगेच विरोध केला. कोणीतरी ओरडलं, की समजावं आकडा कामाला लागला. ज्या आकड्यानं कुणाचंच काही अडत नाही, तो आकडा नव्हे, तोरण.

विमानांसाठी तर नवा काटा आणायचीही गरज नाही. कोण, कुठून, कुठं, कोणत्या वर्गानं, वर्षात किती मैल उडाला, याची पै-पैची नोंद मोठ्या विमान कंपन्यांकडं आधीच आहे. तिला ‘फ्रीक्वेंट फ्लायर’ खातं म्हणतात. जास्त उडाल तर चांदी, आणखी उडाल तर सोनं, त्याहून उडाल तर लाउंजमध्ये फुकट इडली-वडा. अनेक राज्यांत विजेच्या बिलाला स्लॅब असतात: पहिली काही युनिटं स्वस्त, पुढं चढता दर. तेच इथं करा. वर्षातली पहिली जाऊन-येऊन फेरी माफ, म्हणजे दिवाळीला घरी जाणारा मुलगा सुटला. दुसरीपासून चढता दर, आणि तो पैसा रुळांवर. कार्यालय नको, समिती नको, सल्लागार नको. नोंदवही तीच, सभासद तेच, मैल तेच. फक्त वर्षअखेरीला सोनेरी कार्डाऐवजी बिल पाठवायचं.