पारा चढला तर विमा

फेब्रुवारी उलटला की रत्नागिरी-सिंधुदुर्गातले सडे, म्हणजे गवताळ कातळपठारं, पेटायला लागतात. पेटवतं कोण? पंचनाम्यात 'अज्ञात इसम'. हा इसम भलताच कामसू. कधी विडीचं थोटूक टाकतो, कधी डुक्कर उठवायला गवताला काडी लावतो, कधी 'जाळलं की पुढल्या वर्षी गवत जोमानं येतं' हे आज्याचं शास्त्र पाळतो. विजेच्या तारा एकमेकींवर घासून ठिणगी पडली तरी बिल त्याच्याच नावावर.

विझवायला बंब असतो, पण तो शहरात. आंब्या-काजूच्या बागेची वाट पायवाट. मग साठीपुढची माणसं ओले टहाळे घेऊन आगीला झोडपत सुटतात. आग बहुधा शेजारच्या ओसाड वरकस जमिनीतून येते. तिथलं गवत कापणारा मालक विरारला. तो येतो गणपतीत. तेव्हा तेच गवत हिरवंगार असतं, फोटो झकास येतात.

हापूसचं कलम फळाला यायला पाच-सहा वर्षं, भरात यायला दहा. जायला एक दुपार. त्याच्यासोबत ठिबकच्या नळ्या, मांगर, गुरांची वैरण. काजू-बी वेचायला येणाऱ्या बायांची हंगामाची मजुरीही जाते, पण तिचा पंचनामा करायला रकानाच नाही.

आता मदत. केंद्राच्या २०२२-२६च्या निकषांत बहुवार्षिक पिकांना हेक्टरी २२,५०० रुपये, तेही २ हेक्टरपर्यंत आणि नुकसान किमान ३३ टक्के असेल तर. जुन्या पद्धतीच्या लागवडीत दहा मीटरवर एक, म्हणजे हेक्टरी शंभर कलमं. भागा. कलमामागे सव्वादोनशे रुपये. मार्चमध्ये मुंबईत एवढ्यात डझनभर हापूसही येत नाही. बरं, सातबारा सामायिक. काकाची, आत्याची, बडोद्याच्या चुलतभावाची संमती हवी. बाग पेटायला कुणाची लागली नव्हती.

आणि विमा? आहे की! आंब्या-काजूचा, हवामान आधारित. ही योजना झाडाकडे बघतच नाही. महसूल मंडळातल्या हवामान केंद्राकडे बघते. अवकाळी पाऊस झाला, पारा ठरल्या अंशांवर सलग काही दिवस राहिला, की भरपाई. उन्हानं कैरी गळाली तर नुकसान. कलमाचा कोळसा झाला तर केंद्राच्या नोंदीत त्या दिवशी हवामान कोरडं, आकाश निरभ्र.

तेव्हा बागायतदारांनो, जाळरेषा काढण्यात मजुरी घालवू नका. हवामान केंद्रच बागेच्या मधोमध बसवून घ्या. फक्त आग सलग काही दिवस टिकली पाहिजे. उगाच घाईनं टहाळे मारून विझवलीत, तर दावा फेटाळला जाईल.