तीन घरांतला तालुका

सातारा जिल्ह्यात खंडाळा नावाचा तालुका आहे, ही बातमी दैनिकांतल्या शब्दकोड्यांपर्यंत अजून पोचलेली दिसत नाही. तिथे खंडाळा म्हणजे ‘थंड हवेचे ठिकाण’, अर्थात बोरघाटातले. शिरवळचे कारखाने, लोणंदचा कांदाबाजार, ३ जानेवारी १८३१ रोजी सावित्रीबाई फुले जिथे जन्मल्या ते नायगाव, हे सारे ज्या खंडाळा तालुक्यात आहे तिथे मे महिन्यात थंड हवा शोधणाऱ्याने टोपी घालूनच जावे. पण कोड्याला भूगोलाशी कर्तव्य नसते, सवयीशी असते. हत्तीला दोन घरे दिली की गज, तीन दिली की कुंजर. रोज कोडे सोडवणाऱ्याचे मराठी त्यामुळे किती सुधारते कोण जाणे, कोडेकाराचा स्वभाव मात्र त्याला तोंडपाठ होतो. याला आपण शब्दसंपत्ती म्हणतो.

यावर कोडेकार चौकटीकडे बोट दाखवेल, आणि त्यात तथ्य आहे. आर्थर विन यांनी २१ डिसेंबर १९१३ला ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये पहिले कोडे छापले, तेव्हा त्यांना सव्वीस अक्षरांतच खेळायचे होते. आपल्या एका घरात काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार असा सगळा संसार मावतो. आडव्या खंडाळ्यातल्या ‘डा’ला उभा शब्दही ‘डा’चाच लागतो, ड किंवा डी चालत नाही. मग सापडेल तो शब्द बसवावा लागतो. कबूल! पण चौकटीची सक्ती उत्तरावर असते, संकेतावर नसते. संकेत लिहिताना कोडेकाराचा हात कोणी धरलेला नसतो. ‘सातत्य तुटले, त्याला पायबंद घातला की खंबाटकीच्या पायथ्याचे गाव’ असे लिहिले, तर खंड आणि आळा जोडून उत्तर तेच येते, घरेही तीनच लागतात, फक्त वाचकाला डोके वापरावे लागते.

तेच वाचकाला नको असते, तो चहाबरोबर दोन मिनिटे काढतो, असेही सांगितले जाईल. ज्या भाषेत बारामतीच्या मोरोपंतांनी ओठांना ओठ न लावता निरोष्ठ रामायण रचले, म्हणजे ‘राम’ हा शब्दही न वापरता, तिच्या वाचकाला एवढे बिनडोक ठरवण्याचा अधिकार कोड्याच्या कोपऱ्याला कोणी दिला? संपादकांनी कोडेकाराचे मानधन वाढवावे आणि त्याला एकदा पुणे-सातारा एसटीत, खिडकीशी बसवावे.